कॅम्परव्हॅनमधला फ्रिज सोलरवर: दुसरी बॅटरी घेण्याआधी काय तपासायचं

दुसरी बॅटरी आत्ता घेऊ नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून गाडीत दोन वेगवेगळे दोष दिसतात आणि बॅटरी दुप्पट केली तरी त्यातला एकही जाणार नाही. फ्रिज तिसऱ्या पहाटेऐवजी पाचव्या-सहाव्या पहाटे बंद पडेल, एवढाच फरक.

वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात असा. फोर्स ट्रॅव्हलरचा कॅम्पर केलेला आहे. मागे ५० लिटरचा, १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज, त्यात सेकॉपचा बीडी३५एफ कॉम्प्रेसर. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएच (ॲम्पियर-अवर) ट्युब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड प्रकारची बॅटरी, छतावर १०० वॅटचं पॅनल, आणि पॅनलमधून बॅटरी चार्ज करणारा साधा, पीडब्ल्यूएम प्रकारचा कंट्रोलर. फ्रिजला सप्लाय सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून, साधारण सात मीटर लांबीच्या १ स्क्वेअर एमएम वायरने. एप्रिलअखेर आईला घेऊन रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने गेलात, आईचं इन्सुलिन फ्रिजमध्ये. दोन रात्री ठीक गेल्या. तिसऱ्या पहाटे कॉम्प्रेसर मिनिट-दीड मिनिटाने सुरू होऊन लगेच बंद व्हायला लागला, त्याच्याजवळचा लाल दिवा एकेकदा लुकलुकत होता, आणि मल्टिमीटर मात्र बॅटरीवर १२.१ व्होल्ट दाखवत होता. दुकानदाराने दुसरी १५० एएच जोडायला सांगितली. पुढच्या वर्षी लडाखचा विचार आहे.

त्या लाल दिव्यापासून सुरुवात करू. या कॉम्प्रेसरच्या कंट्रोल युनिटवर दिवा थोड्या थोड्या वेळाने एकदा लुकलुकला तर अर्थ ‘व्होल्टेज कमी, बॅटरी वाचवण्यासाठी बंद’. दोनदा म्हणजे पंखा जास्त करंट खातोय, तीनदा म्हणजे मोटर सुरू होत नाही, चारदा म्हणजे मोटरला किमान वेग गाठता येत नाही, पाचदा म्हणजे युनिट तापलंय. फ्रिज बनवणाऱ्याने सेटिंग बदललेलं नसेल तर हा कॉम्प्रेसर १०.४ व्होल्टला बंद होतो आणि ११.७ च्या वर गेल्याशिवाय परत सुरू होत नाही.

आता तो सुरू-बंद, सुरू-बंद प्रकार बघा. बॅटरी खरोखर रिकामी असती तर फ्रिज एकदा बंद पडला की ऊन येईपर्यंत गप्प बसला असता, कारण ११.७ पर्यंत व्होल्टेज वर आलंच नसतं. तुमचा फ्रिज मिनिटभराने पुन्हा प्रयत्न करतोय. म्हणजे लोड नसताना त्याच्यापर्यंत १२ च्या आसपास व्होल्टेज पोचतंय आणि करंट ओढायला लागला की ते कोसळतंय. ही सगळी लक्षणं वायरची आहेत.

हिशेब सोपा आहे. १ स्क्वेअरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.०१८ ओहम. सात मीटर जाणं, सात मीटर येणं, म्हणजे १४ मीटर, पाव ओहम. कॉम्प्रेसर पाच ॲम्पियर ओढतो तेव्हा सव्वा व्होल्ट त्या वायरमध्येच मरतो. लायटरच्या सॉकेटची स्प्रिंगवर टेकलेली पिन आणखी थोडं खाते. फ्रिज तासभर चालल्यावर तो प्लग हाताला गरम लागत असेल तर ती उष्णता म्हणजे तुमची वाया गेलेली वीज. बॅटरीवर लोडखाली ११.९ असेल तर फ्रिजपाशी जेमतेम १०.२-१०.३ उरतात. बॅटरी भरलेली असताना, पहिल्या दोन रात्री, हे सव्वा-दीड व्होल्ट जाऊनही भागलं. बॅटरी अर्ध्यावर आली आणि भागेनासं झालं.

माझ्या अंदाजावर विसंबू नका, मोजून घ्या. कॉम्प्रेसर चालू असताना एकाने बॅटरीच्या टर्मिनलवर आणि दुसऱ्याने फ्रिजच्या टर्मिनलवर एकाच वेळी मीटर लावायचा. दोन आकड्यांत ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वायर बदलायची. सेकॉपच्या कोष्टकात १२ व्होल्टसाठी बॅटरी ते कंट्रोल युनिट अंतर ४ मीटरपर्यंत असेल तर ४ स्क्वेअर, ६ मीटरपर्यंत ६ स्क्वेअर, १० मीटरपर्यंत १० स्क्वेअर असं दिलंय. ट्रॅव्हलरमध्ये वायर छताला वळसा घालून न नेता सीटखालून सरळ नेली तर सहा मीटरमध्ये बसायला हरकत नाही, आणि बॅटरी थोडी मागे सरकवता आली तर उत्तमच. लायटरचं सॉकेट पूर्णपणे काढून टाका. बॅटरीपासून थेट वेगळी जोडी, बॅटरीपाशीच १५ ॲम्पियरचा फ्यूज, फ्रिजच्या टोकाला नीट क्रिम्प केलेले (दाबून बसवलेले) लग, म्हणजे तारेची धातूची टोकं. घरच्या वायरिंगची एकेरी, कडक तार गाडीत वापरू नका, घाटातल्या थरथराटाने ती लगच्या तोंडाशी तुटते. बारीक तारांची, शक्यतो टिन केलेली केबल घ्या. उघड्या तांब्याला खारट हवेत फार लवकर हिरवा कीट चढतो आणि सांधा तिथूनच खराब व्हायला लागतो.

हा झाला पहिला दोष, आणि या सगळ्यात सर्वांत कमी पैशात जाणारा.

दुसरा दोष रोजच्या तुटीचा. तुमचा फ्रिज चालू असताना साधारण ४५ वॅट घेतो. तो सतत चालत नाही, थंड झाला की थांबतो. किती वेळ चालतो हे बाहेरच्या उष्णतेवर ठरतं, आणि इथे ‘बाहेर’ म्हणजे फ्रिज ज्या कोनाड्यात बसवलाय तिथली हवा. मे महिन्यात बंद ट्रॅव्हलरच्या मागच्या भागात दुपारी चाळिशी सहज ओलांडते. दिवसा १२ तासांपैकी ६५ टक्के वेळ आणि रात्री ४० टक्के वेळ तो चालला असं धरलं तर ३५१ आणि २१६, मिळून साधारण ५७० वॅट-अवर (वॅट गुणिले तास). दोन पंखे, दिवे, मोबाईलचं चार्जिंग यांचे १८० धरा. दिवसाला ७५० वॅट-अवर.

समोर १०० वॅटचं पॅनल. कोकणात मेमध्ये निरभ्र दिवशी पूर्ण तेजाचं ऊन सहा तासांच्या आसपास मिळतं असं धरायला हरकत नाही. पण पॅनलवर लिहिलेले १०० वॅट हे सेलचं तापमान २५ अंश असतानाचे असतात. पत्र्याच्या छतावर दुपारी सेल ६५-७० अंशांवर जातात आणि मोनो पॅनल प्रत्येक अंशामागे ०.३५ ते ०.४ टक्के कमी देतं. त्यात कंट्रोलर, वायर आणि धूळ. हातात दिवसाला ४०० वॅट-अवर पडले तर चांगलं. आणि तुम्ही नारळी-पोफळीखाली गाडी लावली असणार, कारण आई बरोबर असताना उन्हाळ्यात कोणी उन्हात गाडी लावत नाही. मग त्याहूनही कमी.

म्हणजे रोज साडेतीनशे-चारशेची तूट. १५० एएच म्हणजे कागदावर १,८०० वॅट-अवर, पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली नेली की आयुष्य झपाट्याने कमी होतं, म्हणून वापरायचे ९००. अडीच दिवसांत ते संपतात. स्थिर अवस्थेत १२.१ व्होल्ट म्हणजे ट्युब्युलर साधारण अर्ध्यावर. तुमचा मीटर, तुमची तिसरी पहाट आणि हा हिशेब तिन्ही जुळतात. रोज ७५० जातात आणि चारशे किंवा कमी येतात, तिथे टाकी कितीही मोठी घ्या, ती रिकामीच होणार. शिवाय लेड-ॲसिड बॅटरी महिनोन्‌महिने पूर्ण चार्ज न होता राहिली की प्लेटवर सल्फेट धरतं आणि १५० ची ११०-१२० होऊन बसते. दुसरी बॅटरी जोडली असती तर तिचंही हेच झालं असतं.

पैसे कुठे घालायचे ते आता सांगतो. वायरनंतर लगेच पॅनल नाही, आधी उष्णता. हा भाग सगळे घाईने उरकतात, आणि सर्वांत मोठा फरक इथेच पडतो.

कॅम्पर बनवणारे सुतार फ्रिज प्लायच्या पेटीत घट्ट बसवतात, कारण ते दिसायला छान दिसतं. कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर ज्या बाजूला आहेत तिथून गरम हवा बाहेर पडायला वाटच नसते. दुपारी त्या पेटीत हात घालून बघा. आतली हवा गाडीतल्या हवेपेक्षा आठ-दहा अंशांनी गरम असेल तर फ्रिज स्वतःच टाकलेली उष्णता पुन्हा उपसत बसलाय. पेटीच्या तळाशी, शक्यतो गाडीच्या फरशीतून, जाळी लावलेलं तळहाताएवढं भोक; वर, गरम हवा निघेल असं दुसरं भोक; आणि वरच्या भोकाला संगणकातला १२० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा पंखा. पंखा दोन-तीन वॅट खातो आणि त्याच्या कितीतरी पट वाचवतो. खालचं भोक सायलेन्सरपासून लांब ठेवा. फ्रिजच्या ज्या बाजूंना कंडेन्सर नाही तिथे इन्सुलेशनचा फोम लावता येतो; कंडेन्सरच्या बाजूला चुकूनही लावू नका. गाडी लावताना फ्रिजची बाजू पश्चिमेला येऊ देऊ नका.

फ्रिजमध्ये काय ठेवता हेही बघा. ३२ अंशांचं दहा लिटर पाणी ५ अंशांवर आणायला ३१४ वॅट-अवर उष्णता काढावी लागते. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता धरली तर त्यासाठी दोनशेच्या वर वॅट-अवर वीज जाते. म्हणजे दुपारी पोरांनी दहा बाटल्या आत कोंबल्या की तुमच्या पॅनलची निम्मी कमाई गेली. पिण्याचं पाणी माठात किंवा ओल्या फडक्यात, फ्रिजमध्ये फक्त लागेल तेवढं. निघण्याच्या आदल्या दिवशी फ्रिज घरच्या विजेवर लावून, सामान भरून, पूर्ण थंड करून घ्या. हर्णैला किंवा मालवणला लिलावातून सुरमई-पापलेट घेतलं की ते फ्रिजमध्ये नको. तिथेच बर्फ मिळतो, थर्माकोलची पेटी मिळते. मासे त्यात, बर्फाखाली. तुमची वीजही वाचेल आणि दुधाला वास लागणार नाही.

इतकं केलं की फ्रिजचा खर्च ५७० वरून ४०० च्या जवळ यायला हवा. मगच पॅनलचा आकडा ठरवायचा.

छतावर ३५० ते ४०० वॅट असू द्या. उन्हात दिवसाला दीड हजार वॅट-अवरच्या आसपास देईल, अर्धा दिवस सावलीत गेला तरी ७००-८०० देईल, म्हणजे गरज भागते. इथे एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलचं जास्त व्होल्टेज बॅटरीला लागेल तेवढं उतरवून देणारा) घ्या, पण का ते समजून घ्या. ‘एमपीपीटीने तीस टक्के जास्त’ असं दुकानात सांगतात. उन्हाने तापलेल्या १२ व्होल्टच्या पॅनलवर एवढा फरक पडत नाही, कारण गरम झाल्यावर त्याचं व्होल्टेज आधीच खाली आलेलं असतं. खरा फायदा हा, की एमपीपीटी असला की घरांच्या छतावर लागतात ती ३०-४० व्होल्टची मोठी पॅनल्स वापरता येतात, आणि ती वॅटमागे खूप स्वस्त पडतात. कंट्रोलरची व्होल्टेज मर्यादा पॅनलच्या ओपन सर्किट व्होल्टेजपेक्षा वर असली पाहिजे, एवढं बघा. मोठं पॅनल वीस-बावीस किलोंच्या पुढे जातं, त्यामुळे ते छताच्या आडव्या पट्ट्यांवर बोल्टने बसवा. नुसत्या पत्र्याला चिकटवलेलं पॅनल हायवेवर धोक्याचं. खाली दोन-तीन सेंटिमीटर हवा खेळू द्या. पॅनल आडवंच असू द्या, कलता स्टँड नको. आपल्या अक्षांशावर सपाट पॅनल मेमध्ये सर्वांत फायद्याचं: महिन्याच्या मध्याला पुण्या-मुंबईत शून्य सावलीचा दिवस असतो, भर दुपारी ऊन सरळ डोक्यावरून पडतं.

नारळाच्या एका झावळीची सावलीही पॅनलचा मोठा भाग झोपवू शकते, कारण सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. म्हणून आई सावलीत आणि पॅनल उन्हात असं हवं असेल तर १०० वॅटचं सध्याचं पॅनल फेकू नका. त्याला आठ-दहा मीटर ६ स्क्वेअर केबल लावून मोकळ्या जागेत ठेवायला घ्या. त्याचा कंट्रोलर वेगळा, तो बॅटरीपाशी.

एवढं सोलरबद्दल झालं, पण रोज गाडी हलवणार असाल तर तुमचा सर्वांत भरवशाचा स्रोत इंजिन आहे. ३० ॲम्पियरचा डीसी-डीसी चार्जर इंजिनवर फिरणाऱ्या अल्टरनेटरच्या विजेवरून मागच्या बॅटरीला साधारण ३८० वॅट देतो. दोन तासांच्या प्रवासात ७५० वॅट-अवर, म्हणजे बरोबर तुमचा एक दिवस. श्रीवर्धनहून गुहागरला पोचेपर्यंत हे काम झालेलं असतं. जून ते सप्टेंबर कोकणात सोलरवर विसंबताच येत नाही, तेव्हा तर हाच आधार. बीएस६ गाड्यांमध्ये अल्टरनेटरचं व्होल्टेज इंजिनचा कॉम्प्युटर खाली-वर करतो, म्हणून साधा रिले लावून गाडीची आणि कॅम्परची अशा दोन बॅटऱ्या जोडण्याची जुनी पद्धत तिथे नीट चालत नाही. आणि लिथियम बॅटरी अल्टरनेटरला थेट जोडायचीच नाही: ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जळू शकतो. चार्जरच्या केबलला दोन्ही टोकांना फ्यूज, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे. गाडी मुक्कामी उभी करून, फक्त चार्जिंगसाठी इंजिन चालू ठेवू नका.

आता बॅटरी. तुमची ट्युब्युलर मी गाडीतून काढायला सांगेन, पण कारण क्षमता नाही, सुरक्षितता आहे. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, घाटात ॲसिड हिंदकळतं आणि तुम्ही त्याच खोलीत झोपता. घरच्या इन्व्हर्टरला ती परत लावा. तिच्या जागी १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट: १,२८० वॅट-अवर, त्यातले हजार-अकराशे बिनधास्त वापरता येतात, वजन ११ ते १३ किलो. तुमच्या जुन्या १५० एएचपेक्षा ती प्रत्यक्षात जास्त देते. उष्णतेची कामं केल्यावर ढगाळ हवेतही दीड-पावणेदोन दिवस निघतील. बजेट असेल तर १५० एएच घ्या, त्याच्या वर गरज नाही. चार्जिंग १४.२ ते १४.४ व्होल्टवर ठेवायचं, इक्वलायझेशन (लेड-ॲसिडला अधूनमधून देतात तो जास्त व्होल्टेजचा चार्ज) बंद. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे मल्टिमीटर पाहून ‘किती उरली’ हे कळणार नाही. शंट (जाणारा-येणारा करंट मोजणारा तुकडा) लावलेला मॉनिटर घ्या. मुख्य फ्यूज टर्मिनलला लागूनच असू द्या, कारण शॉर्ट झाल्यावर ही बॅटरी हजारो ॲम्पियर सोडू शकते. जुनी लेड-ॲसिड आणि नवी लिथियम समांतर कधीच जोडू नका.

तुम्हाला कुणीतरी घरचा सिंगल डोअर फ्रिज इन्व्हर्टरवर लावायचा सल्ला दिलाय. तो अगदीच टाकाऊ नाही. स्टार लेबलवर वर्षाची युनिट दिलेली असतात, त्याला ३६५ ने भागा. चांगल्या मॉडेलचा रोजचा आकडा तुमच्या छोट्या फ्रिजच्या जवळपास येतो. पण त्यासाठी इन्व्हर्टर चोवीस तास चालू ठेवावा लागतो आणि तो नुसता चालू राहायला १०-१२ वॅट घेत असेल तर दिवसाला अडीचशेच्या आसपास वॅट-अवर तिथेच गेले. कॉम्प्रेसर सुरू होताना काही पट करंट मागतो, म्हणून इन्व्हर्टरही मोठा लागतो. महिनोन्‌महिने गाडीत राहणाऱ्यांना हे जमतं. तुमच्या आठ-पंधरा दिवसांच्या फिरतीला आहे तोच फ्रिज योग्य आहे.

इन्सुलिनबद्दल स्वतंत्रपणे लिहितो, कारण तुमच्या फ्रिजमधली तीच एक गोष्ट आहे जिच्यात तडजोड चालत नाही. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं आणि ते एकदा गोठलं तर वितळल्यावरही वापरता येत नाही. या फ्रिजची आतली धातूची भिंत शून्याच्या खाली जाते आणि डिस्प्लेवरचा आकडा एकाच ठिकाणचा असतो. म्हणून इन्सुलिन झाकणाच्या डब्यात, डबा भिंतीला न टेकता मधल्या टोपलीत, आणि त्याच्याशेजारी किमान-कमाल तापमान नोंदवणारा छोटा थर्मामीटर. बरेच जण दुपारी ऊन असताना फ्रिज शून्यावर नेऊन थंडी साठवतात आणि रात्री ५ वर आणतात. पद्धत चांगली आहे, पण तुम्ही ती वापरू नका. सेटिंग कायम ५ वर ठेवा. शिवाय एक व्हॅक्यूम फ्लास्क आणि ओल्या करून वापरायच्या थंड पिशव्या बरोबर असू द्या. फ्रिज बंद पडलाच तर सकाळपर्यंतची सोय होते.

लडाखसाठी दोन गोष्टी. तिथे फ्रिजला काम कमी आणि ऊन भरपूर, त्यामुळे वीज शिल्लक राहील. काळजी बॅटरीची घ्यायची: लिथियम आयर्न फॉस्फेट शून्य अंशाखाली चार्ज केली की आत धातूरूप लिथियम साचतं आणि ते नुकसान भरून येत नाही. मनाली-लेह रस्त्यावर सरचूला किंवा पांग ते त्सो मोरीरी तलावाच्या पट्ट्यात पहाटे ही वेळ सहज येते, आणि पॅनलवर ऊन पडलं की चार्जिंग आपोआप सुरू होतं. बॅटरी घेताना कमी तापमानाला चार्जिंग तोडणारी बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) आहे का ते लेखी विचारा, आणि ती गाडीच्या आत, तुम्ही झोपता त्या बाकाखाली बसवा. दुसरं, कुणी गॅसवर चालणारा फ्रिज सुचवेल. तो गाडी सपाट उभी असेल तरच नीट चालतो, उंचावर त्याची ज्योत धड जळत नाही, आणि १२ व्होल्टवर लावला तर सलग आठ-दहा ॲम्पियर किंवा जास्त खातो.

आधी वायर बदला, पेटीला दोन भोकं पाडा आणि पंखा लावा. मग घराखाली गाडी उन्हात उभी करून, बॅटरीला मॉनिटर लावून, पूर्ण दोन दिवस फ्रिज चालवा. चोवीस तासांत किती वॅट-अवर गेले तो आकडा, आणि बॅटरी व फ्रिज या दोन्ही टोकांचे व्होल्टेज इथे लिहा. पॅनल ३५० चं पुरेल की ४०० चं लागेल, ते त्यावरून नक्की सांगता येईल.